पावसानंतर कुठलं आमिष

पुकेकोहे
(न्यूझीलंड)
८ नोव्हेंबर २०२५

चि. देवव्रत,
अनेक आशीर्वाद.

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. हल्ली तू फोनवर फार वेळ टिकत नाहीस. "मामी, आवाज तुटतोय" म्हणतोस, आणि तुझा आवाज मला अगदी खणखणीत येत असतो. व्हॉट्सॲपवर काही विचारलं तर जोडलेले हात पाठवतोस. तेव्हा म्हटलं, सरळ पत्र लिहावं.

तर बातमी अशी, की मी मासे धरायला शिकायचं ठरवलं आहे. हसून घे आधी. सदुसष्टाव्या वर्षी नर्सबाई गळ घेऊन धक्क्यावर उभ्या. तुझा मामा असता तर आठवडाभर चेष्टा केली असती. शेजारच्या लीलाबेन सोबतीला येणार आहेत. त्यांच्या आजेसासऱ्यांपासून इथे बटाट्या-कांद्याची शेती, आणि घरात अंडंसुद्धा येत नाही. त्या म्हणाल्या, मी येईन, पण पाण्याकडे पाठ करून बसेन. चालेल म्हटलं.

मामाचा निळा डबा काढला. मामा गेल्यापासून तीन महिने गराजमध्ये तसाच पडून होता. उघडला आणि काय सांगू तुला, आत आमिषाच्या प्रत्येक खणावर चिठ्ठी, आमिषांची नावंही त्यानेच ठेवलेली. चाळीस वर्षं औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या त्या माणसाने, सवय जाणार कुठे. "वांगं: पावसानंतर, गढूळ पाण्यात. सावकाश." "चमचा: ऊन असताना, स्वच्छ पाण्यात. भरभर." "कोथिंबीर: ढगाळ हवेत. मध्यम." जेवणाआधी की जेवणानंतर एवढंच लिहायचं राहिलं होतं. एका गुलाबी रबरी माशाला मात्र चिठ्ठी नाही. तो कुणाचा?

आठवडाभर पाऊस लागून राहिला आहे. खाडीचं पाणी दूध घातलेल्या चहासारखं झालंय. अशा पाण्यात धक्क्यापाशी कुठलं आमिष लावायचं ते नीट समजावून लिही. चिठ्ठीवर वांगं म्हटलंय, पण का, ते मला कळायला हवं. आणि सहज विचारते, मामाला त्रास झाला त्या दिवशी तुम्ही दोघांनी काय लावलं होतं? पाऊस किती वाजता थांबला होता?

तुझी,
श्यामलामामी


वेलिंग्टन
१७ नोव्हेंबर २०२५

ती. मामी,
सा. न.

पत्र मिळालं. ऑफिसात पाकीट घेऊन गेलो तर सगळे बघायला आले. एका मुलीने विचारलं, हे उघडतात कुठून?

तू गळ टाकणार हे वाचून मी खरंच हसलो. मग गमबूट घाल, जँडल्स, त्या रबरी चपला, घालून जाऊ नकोस, ओल्या फळ्यांवर शेवाळ असतं, हे आधी सांगतो.

आता आमिषाचं. पाऊस पडून गेला की ओढ्यानाल्यांचा गाळ खाडीत येतो. गोडं पाणी हलकं, ते वर राहतं, खारं पाणी खाली. वरचा थर गढूळ झाला की मासे खाली जातात, नाहीतर धक्क्याच्या खाली, खांबांच्या सावलीत शिरतात. बारके मासे तिथेच लपतात आणि त्यांच्यामागून कहवाई, म्हणजे इकडचा मोठा मासा, येतो. अशा पाण्यात माशाला रंग दिसत नाही, फक्त आकार दिसतो. म्हणून गडद आमिष. मामाचं वांगं म्हणजे जांभळट काळा रबरी मासा, त्याची शेपूट जाड आहे, ती हलली की पाण्यात धक्के जातात आणि माशाला न बघताही कळतं. चमचा, म्हणजे तो चांदीसारखा चकचकीत पत्रा, उन्हात आणि नितळ पाण्यात चालतो. गढूळ पाण्यात चकाकणार काय?

नवीन माणूस एक चूक हमखास करतो. समुद्राकडे तोंड करून लांबवर टाकतो. तू तसं करू नकोस. धक्क्याच्या कडेने, खांबांना समांतर टाक. दहा म्हणेपर्यंत खाली जाऊ दे. मग सावकाश गुंडाळ, मध्येच थांब, पुन्हा गुंडाळ. मासा बहुतेक थांबल्यावरच लागतो. मामा म्हणायचा, घाईत असलेल्याकडे कुणी जेवायला येत नाही.

त्या दिवशीचं म्हणशील तर पाऊस साडेनऊच्या सुमाराला थांबला असेल. आम्ही पोचलो, दोन-चार वेळा गळ टाकला, मामाला बरं वाटेना, लगेच निघालो. हॉस्पिटलमध्ये सांगितलंच होतं मी तुला. गुलाबी माझं आहे, विकत घेऊन आलो होतो. टाकून दे.

इकडे काम हीप्स आहे, ढिगाने. सांभाळून राहा.

तुझा,
देवव्रत


पुकेकोहे
७ डिसेंबर २०२५

चि. देवव्रत,
अनेक आशीर्वाद.

तीन वेळा जाऊन आले. पहिल्या दिवशी मी फक्त धक्काच धरला, दुसऱ्या दिवशी लीलाबेनची शाल. त्या तशाच पाण्याकडे पाठ करून बसल्या होत्या, म्हणाल्या, "मने तो थयुं के माछलीए ज पकडी." म्हणजे माशानेच आपल्याला धरलं असं त्यांना वाटलं. शेजारी एक म्हातारे माओरी गृहस्थ होते. "किया ओरा, आंटी" असा नमस्कार केला आणि न विचारता माझ्या हातातली काठी सरळ करून दिली. तू लिहिलंस तसं खांबांच्या कडेने टाकते. दहा म्हणते. मध्ये थांबते. अजून कुणी जेवायला आलेलं नाही.

तिथे उभी राहिले की मला तुझा मामा दिसतो रे. श्रावणी सोमवारी मासे धरायला जाऊ नकोस म्हणून मी दर वर्षी भांडायचे, आणि तो दर वर्षी म्हणायचा, "उपास पोटाचा आहे, हाताचा नाही. रबराचं आमिष, धरला की सोडून देतो, कुणी मरत नाही." मी म्हणायचे, मग जातोस कशाला. यावर तो टोपी घालून निघून जायचा.

एक विचारायचं राहिलं. डब्यातल्या तीन आमिषांचे गळ गंजलेत. चमचा, तुझं गुलाबी आणि वांगं. बाकी सगळे लखलखीत. मामा घरी आला की आधी सगळी आमिषं गोड्या पाण्याने धुवायचा, मग चहा. त्या दिवशी धुवायला कोण होतं. म्हणजे ही तिन्ही त्या दिवशी वापरलेली. दोन-चार वेळा गळ टाकायला तीन आमिषं लागतात का? लागत असतील, मला काय कळतंय.

मला खरं तर आमिषाचं काही नाही. तो बोलत काय होता, ते सांग ना. गाडीत काही म्हणाला का?

तुझी,
मामी


वेलिंग्टन
१५ डिसेंबर २०२५

ती. मामी,
सा. न.

गंज हवेनेही चढतो. खाडीची हवा खारी असते, डबा नीट बंद झाला नसेल. मला आठवत नाही किती आमिषं काढली होती. त्या दिवशीचं मला फारसं काही आठवत नाही.

गाडीत मामा नेहमीचंच बोलत होता. क्रिकेट, कांद्याचे भाव, माझं वजन.

तुला काय विचारायचंय ते कळत नाहीये मला, आणि कळत नसताना उत्तर देता येत नाही. मी लगेच निघालो होतो एवढंच मला माहीत आहे. डॉक्टरांनाही तेच सांगितलं, तुलाही तेच. वर्षअखेरीमुळे ऑफिसात दम खायला वेळ नाही. उत्तराला उशीर झाला तर समजून घे.

देवव्रत


पुकेकोहे
१६ जानेवारी २०२६

चि. देवव्रत,
तिळगूळ घे आणि गोड बोल.

महिना गेला, तुझं पत्र नाही. ख्रिसमसला मेसेज आला तो सगळ्यांना पाठवलेला होता, मैत्रेयीलाही तोच आला. मेलबर्नहून "आई, हे बघ" म्हणत तिने मला दाखवला.

मी तुला दुखावलं का रे? मागचं पत्र मी पुन्हा आठवून बघितलं. तीन गंजलेले गळ काय, दोन-चार वेळा काय, वाचणाऱ्याला वाटावं पोलीस चौकशी चालली आहे. चौतीस वर्षं वॉर्डात पेशंटला विचारत आले, किती वाजता दुखायला लागलं, कुठे दुखतंय, आधी काय खाल्लं होतं. तीच सवय पत्रात उतरली. तुझ्यावर मला कसला संशय असणार? उलट तू होतास म्हणून तो वेळेत हॉस्पिटलात पोचला. दोन दिवस का होईना, मला त्याचा हात धरून बसायला मिळालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हेच सांगते. मैत्रेयीला तर दहा वेळा सांगितलंय, देवव्रतने एक मिनिट वाया घालवलं नाही, त्याचे उपकार विसरू नकोस.

मला मासा मिळाला. रविवारी. वांग्यालाच लागला, खांबाच्या कडेला, थांबल्यावर. हातभर कहवाई. काठी वाकली आणि मी अशी किंचाळले की लीलाबेननी पहिल्यांदा पाण्याकडे तोंड केलं. त्या माओरी गृहस्थांनी गळ काढून दिला. मी मासा सोडला आणि मग तिथेच फळीवर बसून खूप रडले. त्या बिचाऱ्यांना वाटलं काटा लागला.

एवढंच विचारते, आणि मग पुन्हा विचारणार नाही. त्या दिवशी श्रावणातला तिसरा सोमवार, मामाचा उपास होता. सकाळी माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन निघाला. धक्क्यावर त्याने घरचं काही काढलं का? खिचडीचं, उपासाचं, माझं?

तिळाच्या वड्या पाठवते आहे. थोड्या फुटतील.

तुझी,
मामी


वेलिंग्टन
१ फेब्रुवारी २०२६

ती. मामी,

वड्या पोचल्या. मी एकही खाल्लेली नाही.

"एक मिनिट वाया घालवलं नाही" हे तू मैत्रेयीला सांगितलंस, ते वाचल्यावर मला पुढचं वाचवेना. हे पत्र मी चार वेळा सुरू केलंय. आता सरळ लिहितो.

आम्ही दोन-चार वेळा गळ टाकून निघालो नाही. आम्ही तासाहून जास्त वेळ तिथे होतो.

पाऊस थांबला होता, पाणी गढूळ होतं. मामाने पोचल्या पोचल्या सांगितलं, वांगं लाव. मी हटून बसलो. मी व्हिडिओ बघून आलो होतो, गढूळ पाण्यात भडक रंग चालतो असं त्यात होतं, म्हणून खास गुलाबी घेऊन आलो होतो. मामा हसला, म्हणाला, टाक तुझं गुलाबी. त्याने स्वतः वांगं लावलं आणि पाऊण तासात दोन मासे धरून सोडले. मला एकही लागला नाही. मग मी चमचा लावला. तरी नाही. तू हसशील, पण मला भयंकर राग आला होता. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या आणि मामासमोर हरलो म्हणून फुरंगटून बसलेला.

मग मामाने काठी गुंडाळून ठेवली आणि उलट्या बादलीवर बसला. म्हणाला, "देवा, निघू या का? छातीत जळजळतंय." मी म्हटलं, उपासाचं पित्त असेल, पाणी पी. पाच मिनिटं थांब. आणि मी गुपचूप वांगं लावायला घेतलं. त्याचंच. हात गार पडले होते, गाठ बसेना. लावलं, टाकलं, आणि पहिल्याच फेकीला मासा. पाठोपाठ दुसरा. कहवाईंचा थवाच आला होता खांबांखाली. मामा पुन्हा म्हणाला, "चल रे, घाम येतोय मला." मी म्हटलं, मामा, आत्ता कुठे लागायला लागलेत.

वीस मिनिटं, मामी. मागून फोनवरच्या फोटोंच्या वेळा बघितल्या म्हणून मला नक्की माहीत आहे. माशांचे फोटो काढत होतो मी. शेवटच्या फोटोत मागे मामा दिसतो, छातीवर हात ठेवून बसलेला. तो फोटो मी पुसलेला नाही आणि कुणाला दाखवलेलाही नाही.

मागे वळून बघितलं तेव्हा त्याचा रंग राखेसारखा झाला होता. तेव्हाही ॲम्ब्युलन्स बोलवायची अक्कल सुचली नाही, गाडीत घालून पळवलं. डब्यात सगळं कोंबलं, ओलंच.

डॉक्टरांना विचारलं होतं मी, थोडं आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

तू मानलेस ते उपकार नव्हते. मैत्रेयीला काय सांगायचं ते तू ठरव. मला शिव्या दे, नाव टाक, तुझा हक्क आहे.

देवव्रत


पुकेकोहे
२६ फेब्रुवारी २०२६

देवव्रत,

साडेतीन आठवडे लागले मला. पहिला आठवडा मी तुझ्यावर इतकी संतापले होते की लीलाबेननी विचारलं, बीपी बघायचं का. घाम येतोय म्हणाला होता तो. घाम. तुला कुणी शिकवलं नाही का, पित्ताने घाम येत नाही म्हणून? माशांचे फोटो काढत होतास. पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात मोठमोठ्याने तुला बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही. तुझ्या आईचाही उद्धार झाला, ती बिचारी जाऊन नऊ वर्षं झाली.

दुसऱ्या आठवड्यात राग ओसरला असं नाही, पण बोलताना जीभ अडखळायला लागली. कारण तुला जे जे बोलत होते ते सगळं आधी मला लागू होतं.

आता माझं ऐक. त्या दिवशी सकाळी सहाला तो उठला आणि पलंगाच्या कडेला बसून राहिला. म्हणाला, श्यामला, जबडा ठणकतोय आणि डाव्या दंडात जड वाटतंय. मी देवाजवळ बेलाची पानं मांडत होते. पोथी काढायची होती, लीलाबेन दर्शनाला यायच्या होत्या. मी वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हटलं, काल रात्रीही न जेवता झोपलास, पित्त झालंय, खिचडी खा आणि ताक पी. दंडाचं म्हणशील तर काठी फेकून फेकून दुखतोय. त्याने विचारलं, मग आज नको का जाऊ? देवव्रतला फोन करतो. मी म्हटलं, तो एवढ्या लांबून आलाय, जा. मला घर मोकळं हवं होतं रे. श्रावणी सोमवार, पूजेच्या वेळी तो पायात पायात येतो. म्हणून दर वर्षी भांडणारी मी या वर्षी जा म्हणाले.

जबडा आणि डावा दंड. हार्ट अटॅकच्या खुणा म्हणून नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना मी स्वतः हेच शिकवलंय. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने सांगितलं असतं तर मी पूजा टाकून उठले असते.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मैत्रेयीने विचारलं होतं, आई, आधी काही त्रास झाला होता का बाबांना? मी म्हटलं, नाही गं, अचानकच झालं. आणि वर तुझी स्तुती केली. तुझी स्तुती केली की पुढे कुणी माझ्याबद्दल विचारत नाही, हे मला कळत होतं.

म्हणून मी तुला विचारत होते, पाऊस कधी थांबला, काय बोलला, गाडीत काय म्हणाला. मी तुझा तपास घेत नव्हते. त्याने तुला माझं सांगितलं का, तेवढंच मला हवं होतं. आणि आमिषाचं विचारलं तेव्हा मी काही मासे धरायला शिकत नव्हते. आधी निमित्तच होतं. मग खरंच शिकले.

आता एकदाच सांग. "श्यामला म्हणाली पित्त आहे" असं तो म्हणाला का? तुझ्या पत्रात ते नाही. म्हणाला नसेल तर नाही म्हण. म्हणाला असेल तर माझी कीव करून लपवू नकोस. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात हाच एक खण रिकामा वाटला मला.

मामी


वेलिंग्टन
५ मार्च २०२६

ती. मामी,

हो. म्हणाला.

मी "उपासाचं पित्त असेल" असं माझ्या मनाचं म्हटलेलं नव्हतं. मामाच म्हणाला होता. बादलीवर बसला तेव्हा छाती चोळत म्हणाला, "श्यामला म्हणाली पित्तच आहे. तिने आयुष्यभर पेशंट बघितलेत, तिला कळतं. टाक तू अजून एक." मग दहा मिनिटांनी घाम येतोय म्हणाला.

माझ्या कबुलीत मी हे वाक्य गाळलं. तुला लिहिताना मनाशी म्हटलं, मामीला कशाला हे ओझं. मला फार थोर वाटलं त्या वेळी.

पण ते खोटं आहे, आणि एवढं सगळं झाल्यावर आता खोटं नको. ते वाक्य मी माझ्यासाठी ठेवलं होतं. ऑगस्टपासून आजपर्यंत, बसमध्ये, मीटिंगमध्ये, भाजी चिरताना, जेव्हा जेव्हा त्या वीस मिनिटांनी मला गाठलं, तेव्हा तेव्हा मी हेच बाहेर काढलं. मामीनेच सांगितलं होतं ना पित्त म्हणून. ती नर्स आहे, मी कोण. तुझ्याशी फोनवर दोन मिनिटं बोलायचो, आवाज तुटतोय म्हणायचो, आणि ठेवून दिल्यावर हे वाक्य चघळायचो. सात महिने तू मला सगळीकडे चांगला म्हणत फिरत होतीस आणि मी मनातल्या मनात सगळं तुझ्या माथ्यावर ठेवत होतो.

याची माफी मागायची हिंमत नाही. वीस मिनिटांची मागेन कदाचित.

चौदा तारखेच्या शनिवारचं विमान घेतलंय. सकाळी अकरापर्यंत तुझ्याकडे पोचेन. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस, मी समजेन.

देवव्रत


पुकेकोहे
१० मार्च २०२६

चि. देवव्रत,

"टाक तू अजून एक" म्हणाला, म्हणजे त्याला खात्री होती. माझ्यावर त्याची इतकी खात्री होती हे मला आधी माहीत होतं, तरी ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. त्याने मनात थोडी तरी शंका घेतली असती, बायको काय सांगते असं म्हटलं असतं, तर मला सोपं गेलं असतं.

तू ते वाक्य चघळत होतास त्याचा मला राग आलाय. येणारच. आणि तुझ्या स्तुतीआड मी लपले त्याचा तुलाही यायला हवा, तो तू अजून काढलेला नाहीस. आलास की काढ. मला माफ बिफ करू नकोस आणि माझ्याकडून मागूही नकोस, निदान इतक्यात नको. मला ते जमेल की नाही माहीत नाही.

शनिवारी ये. दार उघडीन. परतीचं तिकीट रविवारचं असेल तर बदल, सोमवारचं कर.

रविवारी सकाळी दहाला मैत्रेयीचा व्हिडिओ कॉल येतो. त्या वेळी तू माझ्या शेजारी बसलेला हवास, दोघंही तिला दिसू अशा बेताने. तिला आपण दोघांनी मिळून फसवलंय, वेगवेगळं. आधी सकाळी सहाचं मी सांगेन. मग धक्क्यावरचं तू सांग. मी मध्येच थांबले तर मला सावरायला जाऊ नकोस, थांबून राहा, मी पुन्हा बोलेन. आणि ती फोन ठेवून गेली तर जाऊ दे. दोघांपैकी कुणीही तिला उलटा फोन लावायचा नाही.

मामी